मालकांची वहिवाट

खिळ्याचा दर एक रुपया होता. भाडेकरूने खोलीच्या भिंतीत जितके खिळे ठोकायचे तितके रुपये आगाऊ मोजायचे; खिळा स्वतःचा आणायचा, हातोडी मात्र मालकांची वापरायची, आणि खोली सोडताना खिळा भिंतीतच ठेवून जायचे. मी नुकताच बी.एड. होऊन भोकरदनच्या हायस्कुलात गणित शिकवू लागलो होतो आणि प्रत्येक नियमाला सिद्धता असलीच पाहिजे अशी माझी समजूत होती. म्हणून मी पहिल्याच दिवशी कारण विचारले.

"सर, खिळा भिंतीत गेला की तो भिंतीचा झाला," मालक म्हणाले. "भिंत कुणाची?"

"तुमची."

"मंग?"

सिद्धता पूर्ण झाली होती. मी सात रुपये मोजले.

त्यांना सगळे 'मालक' म्हणत. भाडेकरू म्हणत, दूधवाला म्हणे, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, त्यासुद्धा म्हणत. काकूंच्या उच्चारात आदराचे प्रमाण किती आणि इतर घटकांचे किती, हे मला बारा वर्षांत काढता आले नाही. बसस्टँडच्या मागे त्यांच्या नऊ खोल्या एका ओळीत उभ्या होत्या, समोर अंगण, अंगणात एक नळ. ओळीला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले होते आणि ते दगडात कोरून घेतले होते, कारण रंगाने लिहिलेले नाव दर दोन वर्षांनी पुन्हा लिहावे लागते. एकदा खर्च केलेल्या गोष्टीवर पुन्हा खर्च करणे त्यांना अनीतीचे वाटे.

रोज सकाळी सात वाजता ते पांढरी टोपी घालून ओळीच्या एका टोकाकडून निघत आणि प्रत्येक दाराची कडी हलवून पाहत. खोली रिकामी असेल तर कुलूप काढून आत जात, मध्यभागी उभे राहून दोनदा खाकरत आणि बाहेर येऊन पुन्हा कुलूप लावत. या खाकरण्यामागे शास्त्र होते. वहिवाट म्हणजे जागेचा प्रत्यक्ष आणि अखंड वापर, आणि ज्याची वहिवाट त्याची जागा, असा त्यांचा सिद्धान्त होता. रिकाम्या खोलीत मालकाचा आवाज रोज उमटला की वहिवाट तुटत नाही. कायद्याच्या कोणत्या कलमात खाकरण्याचा उल्लेख आहे, हे विचारण्याचे धाडस मी केले नाही.

याच सिद्धान्ताची दुसरी बाजू आम्हा भाडेकरूंना भोगावी लागे. करार अकरा महिन्यांचा. अकरावा महिना संपला की प्रत्येकाने आपली एक पेटी सकाळी अंगणात आणून ठेवायची आणि दुपारी बारानंतर परत आत न्यायची. त्यामुळे जुनी वहिवाट तुटून नवी सुरू होते. मी बारा वर्षांत तेरा वेळा पेटी बाहेर काढली. त्या पेटीत गणिताची पुस्तके होती; वजन बेताचे नव्हते. मालक समोर खुर्ची टाकून बसत आणि पेटी पूर्णपणे उंबऱ्याबाहेर आली आहे याची खात्री करून घेत.

ही सगळी दक्षता एका शिंप्याने त्यांना शिकवली होती. रस्त्याच्या बाजूला असलेला गाळा त्यांच्या वडिलांनी त्या शिंप्याला कसलाही कागद न करता महिना चाळीस रुपयांवर दिला होता. वर्षे लोटली, भाडे चाळीसच होते आणि शिंपी गाळ्यातच होता. मालकांनी दावा लावला. शिंप्याने भाडे कोर्टात भरायला सुरुवात केली. मालकांनी रजिस्टर पोस्टाने नोटिसा धाडल्या. 'घेणार इसम गावी गेला आहे' असा शेरा होऊन त्या परत आल्या. इसम गावी गेल्याचे पोस्टमन लिहीत असताना इसमाच्या मशीनचा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू येत असे. बावीस वर्षे तारखा पडत राहिल्या. आणि दर तारखेला कोर्टात जाताना मालकांच्या अंगात जो सदरा असे, तो त्याच शिंप्याने शिवलेला असे, कारण गावात तेवढा चांगला हात दुसऱ्याचा नव्हता.

"लबाड आहे," मालक म्हणत, "पण शिकावं त्याच्याकडून. कब्जा सोडायचा न्हाई, नोटीस घ्यायची न्हाई. बिलकुल हलवता येत न्हाई माणसाला."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते लागणार आहे.

नवे शतक लागले आणि खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. कारण सोपे होते. पूर्वी बदली होऊन आलेला मास्तर, तलाठी, बँकेचा कारकून भोकरदनला खोली घेऊन राहत असे. आता तो बिऱ्हाड जालन्याला किंवा औरंगाबादला ठेवी आणि सकाळी जीपने येऊन संध्याकाळी परत जाई. याला 'अप-डाऊन' म्हणतात; मराठवाड्यातील नोकरदार वर्गाचा तो मुख्य व्यायाम आहे. नऊपैकी पाच खोल्यांत मालकांना खाकरावे लागू लागले, मग सहांत.

त्यांचा मुलगा औरंगाबादला नोकरीला होता. त्याने तिथे फ्लॅट घेतला होता आणि तो आईवडिलांना बोलावत होता. काकूंची तयारी होती. सहा रिकाम्या खोल्यांसमोरचे अंगण झाडून त्यांचे गुडघे गेले होते. पण मालकांचा एकच प्रश्न असे: "फ्लॅट कुणाच्या नावावर?" मुलाच्या नावावर, असे उत्तर मिळाले की विषय संपे.

शेवटी एका मे महिन्याच्या सुरुवातीला काकूंनी, माझ्यादेखत, चहाची कपबशी खाली ठेवत मुदत घातली.

"पुढल्या सालच्या जूनपस्तोर पाच खोल्या भरल्या तर राहू इथंच. न्हाई भरल्या तर कुलूप लावायचं अन् पोराकडं जायचं. मी आता रिकाम्या घरांला पहारा द्यायची न्हाई."

"भरतेत की," मालक म्हणाले.

"खाकरून भरत न्हाईत, मालक."

अशा रीतीने प्रश्न निश्चित झाला: एक वर्ष, पाच खोल्या, नाहीतर आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या छताखाली. त्या वेळी तीन भरलेल्या होत्या. त्यांपैकी एक माझी.

बसस्टँडसमोर एकाने दोन संगणक मांडून इंटरनेट कॅफे काढला होता. तो तिशीतला गृहस्थ औरंगाबादहून कोर्स करून आला होता आणि गावाला एकविसाव्या शतकात नेण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असे मानत असे. गाव पंधरा मिनिटांचे दहा रुपये या दराने हळूहळू तिकडे सरकत होते. त्याने मालकांना पटवले की खोल्यांची वेबसाइट काढली तर बदली झालेला माणूस घरबसल्या खोली पाहील. पाच हजार रुपये सांगितले. मालकांनी नऊ दिवस घासाघीस करून चार हजार सहाशेला सौदा पक्का केला आणि शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर पावती लिहून घेतली. पावतीवर त्यांनी 'खरेदी' हा शब्द स्वतःच्या हाताने घातला. साइटला नाव आईचेच दिले.

साइट मी पाहिली. तिच्यावर नऊ खोल्यांची नऊ छायाचित्रे होती आणि नऊही छायाचित्रांत बंद दार आणि दाराला कुलूप होते.

"आतला फोटो का नाही?" मी विचारले.

"फुकट बघून जातेत. आतून बघायचं तर यावं की भोकरदनला."

छायाचित्रांखाली तेवीस नियम होते. खिळ्याचा नियम चौथा आणि पेटीचा सतरावा. त्याखाली किती जणांनी पान उघडले ते दाखवणारा आकडा होता. मालकांना साइटमधला तो एकच भाग मनापासून आवडला.

महिन्याभराने कॅफेवाला सहज बोलून गेला की पुढच्या वर्षी पैसे भरायचे लक्षात ठेवा. मालक तडक माझ्याकडे आले. त्यांच्या हातात स्टँपपेपर होता.

"सर, हा काय म्हणून राह्यला? एकदा घेतलेली वस्तू दर साली कशी घ्यायची?"

मी वहीचे पान फाडले. समजावून सांगणे हा माझा व्यवसाय होता आणि त्या दिवशी मी तो, आज वाटते, गरजेपेक्षा जास्त चांगला केला.

"मालक, दुकान डोळ्यांसमोर आणा. पहिला खर्च पाटीचा. साइटचे नाव म्हणजे पाटी. ते एका दप्तरात नोंदवावे लागते, आणि नोंद एक वर्षाची असते. सहाशे रुपये. दुसरा खर्च गाळ्याचा. तुमचे फोटो आणि नियम कुठल्यातरी संगणकावर ठेवावे लागतात, आणि तो संगणक रात्रंदिवस चालू लागतो. त्या जागेचे वर्षाला दीड हजार. तिसरा खर्च गवंड्याचा. पाने बांधली, त्याची मजुरी. अडीच हजार. ती एकदाच, पण उद्या दहावी खोली वाढवली, तर गवंडी पुन्हा बोलवावा लागेल."

मी बेरीज केली. चार हजार सहाशे. आकडा बरोबर जुळला म्हणून मला आनंदही झाला.

"गवंडी कळला," मालक म्हणाले. "गाळा कुठं आहे?"

"अमेरिकेत असावा."

"कुणाचा?"

"तिथल्या एका कंपनीचा."

"अन् पाटी?"

"तीही वर्षाच्या बोलीवर."

त्यांनी स्टँपपेपर उलगडून 'खरेदी' या शब्दावर बोट ठेवले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "मंग मी कोण?"

उत्तर एका शब्दाचे होते. मी ते दिले.

"भाडेकरू."

मी त्यांना दाव्याच्या तारखांना जाताना पाहिले होते, शिंप्याशी भांडताना पाहिले होते. पण त्या शब्दाने झाला तसा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ते उठले. दारात थांबून म्हणाले, "ठीक आहे. आपणबी बघू भाडेकरू होऊन. लई शिकलोय त्या शिंप्याकडून."

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या फेरीला एक थांबा वाढला. नऊ कड्या हलवून झाल्या की मालक कॅफेत जात, आपले पान उघडवीत, ते पूर्ण उमटेपर्यंत समोर उभे राहत, दोनदा खाकरत आणि दहा रुपयांची पावती घेऊन परत येत. पावत्या ते तारखेप्रमाणे तारेला ओवून ठेवीत. वहिवाटीचा पुरावा. पहिल्या नऊ महिन्यांत एकही दिवस चुकला नाही, रविवारसुद्धा. मी एकदा हिशेब करून दाखवला: दोन हजार शंभरांचे वार्षिक भाडे द्यायचे टाळण्यासाठी त्यांनी दोन हजार सातशे रुपये खर्च केले होते.

"सर, ते भाडं न्हाई. तो खर्चा कब्ज्याचा."

भेटींचा आकडा दोनशे ऐंशीच्या पुढे गेला तेव्हा ते काकूंना सांगत आले. "दोनशे ऐंशी लोकांनी खोल्या पाह्यल्या!"

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी वजाबाकी केली होती, पण बोललो नाही. दोनशे सत्तर मालक स्वतः होते.

उरलेल्या दहांमध्ये एक खरा माणूस निघाला. बँकेतल्या एकाची भोकरदनला बदली झाली होती. त्याने ईमेल करून विचारले की दोन खोल्या एकत्र मिळतील का, आणि आंघोळीची सोय आत आहे का. दोन खोल्या! तीन अधिक दोन बरोबर पाच. मालकांनी कॅफेत बसून उत्तर सांगितले आणि कॅफेवाल्याने ते टाइप केले. सोयीविषयी त्यात अक्षर नव्हते. तेवीस नियम पुन्हा दिले होते आणि चोविसावा नव्याने घातला होता: दोन खोल्यांमधले दार उघडे ठेवल्यास त्या दाराचे भाडे वेगळे. गृहस्थाचे उत्तर आले नाही. तो जालन्याहून अप-डाऊन करू लागला. मी त्याला जीपमध्ये पाहिले आहे.

मी जीपमध्ये काय करत होतो, हे इथेच सांगून टाकतो. बारा वर्षांत माझाही संसार वाढला होता, आणि मुलांच्या शाळेसाठी आम्हीही जालन्याला खोली पाहायला जात होतो. जीपचा पास आणि मालकांचे भाडे यांची तुलना मी वहीच्या शेवटच्या पानावर केली होती, आणि ती मालकांच्या बाजूने येत नव्हती. दुसऱ्याला खर्च समजावून सांगणाऱ्या माणसाने स्वतःचा खर्च समजू नये, असे थोडेच आहे? फक्त मी ते मालकांना सांगितले नव्हते.

मार्च-एप्रिलमध्ये मुदत संपत आल्याच्या सूचना कंपनीकडून कॅफेवाल्याच्या पत्त्यावर येऊ लागल्या. तो धावत आला.

"मालक, कंपनीचा ईमेल आलाय. पैसे भरा म्हणून."

"उघडला का?"

"न्हाई अजून. वरूनच दिसतंय."

"उघडू नको!" मालक ओरडले. "उघडला की तामील झाली. नोटीस घेतली असं होतंय. पडू दे तसाच."

"मालक, तिथं कोर्ट न्हाई हो. बटण दाबून बंद करतेत."

"असं कसं बंद करतेत? वहिवाट आहे आपली. पावत्या हैत."

मी मध्ये पडलो. सांगितले की मालक, शिंप्याला तुम्ही हलवू शकत नाही कारण तो गाळ्यात बसलेला आहे. तुम्ही कुठेच बसलेले नाही. त्यांनी माझ्याकडे अशा कीवेने पाहिले की वर्गात शून्याने भागणाऱ्या पोराकडे मीही तसे पाहत नसेन. असे चार ईमेल न उघडता पडले.

मे महिन्याच्या मध्यावर, नेमके बदल्यांचे हुकूम निघत असताना, एके सकाळी मालक कॅफेत गेले आणि पान उघडले नाही. नऊ दारे नाहीत, तेवीस नियम नाहीत, आकडाही नाही. कॅफेवाल्याने तीनदा प्रयत्न केला. मालक रिकाम्या पडद्यासमोर उभे राहून दोनदा खाकरले. कॅफेवाल्याने त्या दिवशी दहा रुपये घेतले नाहीत.

"पंचनामा न्हाई," ते अंगणात येऊन म्हणाले, "साक्षीदार न्हाई. एक तारीख न्हाई पडली हो सर!"

गाळ्यातल्या मशीनचा आवाज थांबला. शिंपी दारात आला.

"मालक, तुम्हाला एका रात्रीत काढलं म्हणे?" त्याने विचारले. "आमाला तर तुम्ही बावीस वर्षं काढून राह्यलात."

शिंप्याचा असला टोमणा त्यांनी उत्तराविना सोडल्याचे मी प्रथमच पाहिले. शिंप्यालाही ते जाणवले असावे. तो आत गेला, पण मशीन बराच वेळ सुरू झाले नाही.

अजून मार्ग होता. कंपनी महिनाभर वाट पाहते. दंडासह भाडे भरले तर नाव परत मिळते. कॅफेवाल्याने ते सांगितले. मीही सांगितले, आणि पैसे मी भरतो असेही म्हणालो. हे औदार्य नव्हते. आदल्याच दिवशी मी जालन्याच्या खोलीची अनामत देऊन आलो होतो.

"महिनाभर वाट बघतेत?" मालकांनी विचारले. "पैसे न देणाऱ्याची?"

"हो."

"मी तर अकरा महिने संपले की त्याच सकाळी पेटी बाहेर काढायला लावतो." पैसे त्यांनी भरले नाहीत. मलाही भरू दिले नाहीत. भाडे भरले की भाडेकरू ठरलो, हा मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

जूनच्या पहिल्या तारखेला मी त्यांना माझे सांगितले. त्यांनी मान हलवली, खोलीत येऊन भिंतीवरचे खिळे मोजले, सात भरले, आणि "बराबर आहे" म्हणाले. माझी पेटी अंगणात आली ती या वेळी बारानंतर आत गेली नाही. पाचऐवजी दोन खोल्या भरलेल्या राहिल्या आणि काकूंनी भांडी बांधायला घेतली. जाण्याआधी मालक एकदा कॅफेत गेले. आता त्या पत्त्यावर एक इंग्रजी पान उघडत होते. कॅफेवाल्याने अर्थ सांगितला: हे नाव विकणे आहे.

"विकायचंच होतं," मालक त्याला म्हणाले, "तर मला का न्हाई विकलं? मी पह्यल्या दिवसापासून विकतच मागत होतो."

मला वाटते, या व्यवहारात निघालेला हा एकमेव बिनतोड प्रश्न.

दिवाळीनंतर मी औरंगाबादला त्यांना भेटायला गेलो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, स्वच्छ होता, सूनबाई अगत्यशील होत्या. काकूंचे गुडघे बरे होते. मालक एका खोलीत पलंगाच्या कडेवर बसले होते. पहिल्यांदाच घरी आलेला पाहुणा जसा बसतो तसे. नऊ खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा उशाशी होता. भिंती कोऱ्या होत्या, नव्या रंगाच्या; एकही खिळा नव्हता. टोपी कुठे दिसेना म्हणून मी शोधू लागलो, तेव्हा ती खिडकीच्या कडीला अडकवलेली दिसली. वारा आला की ती हलत होती, आणि मालक बोलता बोलता उठून तिच्यावर हात ठेवत होते.

"शिंपी येऊन गेला," ते म्हणाले. "चाळीस रुपये हातात देऊन गेला. कोर्टात न्हाई भरले."

चहा झाला. मी निघालो. सूनबाई स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून घेत ते माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"सर, तुम्ही सात खिळे मारले होते ना?"

"हो. सात रुपये दिले होते."

त्यांनी मागे वळून, उघड्या दारातून, त्या कोऱ्या भिंतीकडे पाहिले.

"सात रुपयांत सात," ते म्हणाले. "लई स्वस्त पडले तुम्हाला."